मुक्कामी पाहुणा: मामाच्या बोटांमागे बीबी ते रोहिणखेड

घरी येऊन बॅगसुद्धा उघडली नाहीये आणि लिहायला बसलेय. बॅगेत मामीने दिलेली ठेच्याची बरणी आहे, ती गळतेय असं आईचं म्हणणं आहे, आणि हॉलमध्ये सुटलेला वास बघता आईचंच बरोबर असणार. पण आधी हे लिहून टाकते, नाहीतर अर्धं विसरेन.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते. मी लोणार सरोवर बघितलं नाही. बुलढाणा जिल्ह्यात गेले, लोणार तालुक्यातच राहिले, तरी नाही बघितलं. पिंपरीतले सगळे मित्र आल्यापासून हेच विचारतायत, त्यामुळे ज्यांना सरोवराचे फोटो हवेत त्यांनी इथेच थांबावं. माझ्याकडे फोटो आहेत ते मामाच्या बोटांचे, थर्माकोलच्या डब्याचे आणि गजूकाकांच्या मिशीचे.

तर झालं असं. माझा सुखदेव मामा बीबीला राहतो. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, पण पंचक्रोशीत त्याला ओळखतात ते ढोलकीसाठी. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत त्यांची गायन पार्टी गावोगाव फिरते, आणि मामाची ढोलकी सुरू झाली की म्हाताऱ्या बायकासुद्धा मांडी बदलून नीट बसतात. या वर्षी संक्रांत झाली आणि मामाची बोटं सुजली. दोन्ही हातांची. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. मामीने आईला फोनवर सांगितलं, "शर्टाचे बटन मीच लावून देतो त्याहिले," आणि आई फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसली.

त्यात गावात दिवाळीनंतर तापाची साथ येऊन गेली होती. निम्म्या गावाचे सांधे धरले होते, मामालाही ताप आला होता. हळूहळू बाकीच्यांचे सांधे सुटले, मामाची बोटं मात्र नंतर सुजली आणि सुजलेलीच राहिली. म्हणजे प्रश्न असा की हे तापाचं उरलंसुरलं आहे, आपोआप जाईल, की हा खरा संधिवात आहे आणि राहील?

आणि इथे माझी एंट्री. मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, आणि आम्हाला नुकतंच शिकवलं होतं की सांधे नवीन नवीन सुजलेले असतात तेव्हा रक्तात दोन प्रकारच्या अँटिबॉडी बघतात. त्यातल्या एकीचं नाव अँटी-सीसीपी. त्या भरपूर सापडल्या तर सूज टिकण्याची शक्यता जास्त. नसल्या तर सूज जाण्याची बऱ्यापैकी आशा. मी शिकलेली एखादी गोष्ट घरात कोणाच्या उपयोगी पडायची ही आयुष्यातली पहिली वेळ होती. मी दुसऱ्याच दिवशी बॅग भरली.

घाई असायचं अजून एक कारण होतं. पार्टीने या सीझनपुरता एक ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ढोलवाला, धरला होता. विक्की नावाचा माणूस, चाळिशीचा, घरातसुद्धा गॉगल घालणारा. आणि सीझन संपायच्या आत त्याला सांगायचं होतं की तू कायमचा की नाही. मामाची बोटं राहणार की जाणार, यावर ढोलकी राहणार की जाणार हे ठरत होतं.

बीबी

प्रवासाचं काही सांगत नाही, बस होती, ऊन होतं, शेजारच्या मावशींनी माझ्या आईचं माहेरचं आडनाव जालना सुटायच्या आत काढून घेतलं आणि देऊळगाव राजा येईपर्यंत आमचं लांबचं नातं लावलं. पुढे बीबीपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली.

बीबी हे मोठं गाव. बाजार, दुकानं, ट्रॅक्टर, सगळं. मामाच्या दुकानात शिरले तर मामा स्टूलवर बसून पायाच्या अंगठ्याने पंख्याचं बटण दाबत होता.

"आली का पुणेकर," मामा म्हणाला. "पाय अजून चालू हायेत म्हणून वापरून राह्यलो."

त्याने हात पुढे केले. बोटांच्या मुळाशी जे उंचवटे असतात ना, मूठ वळल्यावर दिसतात ते, ते गायबच झाले होते. सगळं एकसारखं फुगलेलं. मी एकदम गप्प झाले, आणि गप्प झाल्यावर मला काहीतरी बोलावं लागतं म्हणून मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, अँटिबॉडीवर लेक्चर द्यायला लागले.

मामाने पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे रक्तात भविष्य पाहाचं. उभ्या जन्मात मी कोण्या ज्योतिषाले हात दाखवला नाही. लग्नात पत्रिका पाह्यली नाही. अन आता पोरगी आली पुण्याहून भविष्य सांगाले."

"भविष्य नाही मामा. विज्ञान आहे."

"पुढच्या साली माह्या बोटाचं काय होईन ते सांगते ना तुहं विज्ञान? मंग त्यालेच भविष्य म्हणतेत."

मामी चहा घेऊन आली होती. "पत्रिका पाह्यली असती तं हे लग्नच झालं नसतं," एवढं बोलून कप ठेवून गेली.

मी परत सुरुवात केली. अँटिबॉडी म्हणजे शरीराचे पहारेकरी, पण कधीकधी ते गैरसमजाने आपल्याच सांध्यांवर धावून जातात वगैरे. मामाने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग एकदम म्हणाला:

"थांब. मी सांगतो तुले. सूज म्हणजे पाहुणा. काही पाहुणे चहा पेऊन जातेत, काही मुक्कामी राह्यतेत. तोंडावरून समजत नाही, दोघंही म्हणतेत आता निघतोच. पण पिशवी पाह्यली का समजते. पिशवीत टॉवेल हाये, दाढीचं सामान हाये, म्हणजे मुक्काम."

"मामा, एक्झॅक्टली. अँटिबॉडी म्हणजे ती पिशवी. आपण फक्त आत डोकावून बघायचं."

"असं सांगाचं ना मंग. एवढ्या वेळचं पोलीस न् पहारेकरी लावलं."

मग सगळ्या दुकानाने वळून माझ्या बॅगेकडे बघितलं. ती तिकडे दारात पडलेली होती, चेन तुटायच्या बेतात.

"पल्लूचा तं महिन्याचा मुक्काम दिसते," एक गिऱ्हाईक म्हणालं. पल्लू म्हणजे मी.

पिशवी पटली आणि मामा रक्त द्यायला तयार झाला. पण फक्त रक्त. जालन्याला सांध्यांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चल म्हटलं तर नाही. "डॉक्टरकडे गेलं का तो काही ना काही काढतेच. मी रक्त देतो, तू पिशवी पाहाय, खेळ खतम." मामा घाबरलेला होता हे मामीने मला रात्रीची भाकर थापताना सांगितलं, आणि मामाला कळू नये म्हणून खूप हळू सांगितलं, म्हणजे ओसरीवर ऐकू जाईल इतपतच.

सकाळी मी उठले तर मामीने फक्त माझ्यापुरते पोहे केलेले. मामा उपाशी, मामी उपाशी. मी एकटी पोहे खात बसले. मला वाटलं आज काहीतरी उपास असेल, आपण कशाला विचारा. इतक्यात गावातल्या लॅबचा दादा रक्त घ्यायला आला, आणि त्याच्या मागोमाग देऊळगाव राजाहून मोटारसायकलवर गजूकाका आले.

गजूकाका म्हणजे पार्टीचे पेटीवाले, पेटी म्हणजे हार्मोनियम. शेतकरी माणूस, मामाचा पंचवीस-तीस वर्षांचा दोस्त, आणि त्यांची मिशी ही वेगळी व्यक्ती आहे. तिला स्वतःचा कंगवा आहे. तो खिशात असतो, आणि गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये जागा मिळाली की बाहेर येतो.

"सुकदेवा, काळजी नको करू," गजूकाका ओट्यावर बसत म्हणाले. "बालाजीले नवस बोलून आलो. तुही बोटं ढोलकीवर चालली का मी मिशी काढीन."

ओट्यावरचे सगळे त्या मिशीकडे बघायला लागले.

"मिशीचा न् बोटाचा काय संबंध बे?" मामा म्हणाला.

"रक्ताचा न् बोटाचा काय संबंध मंग?"

"रक्त बोटात राह्यते, गजू."

काका जरा विचारात पडले. "ते खरं हाये," म्हणाले, "पण नवस आता बोलून झाला."

दादाने सुई काढली. तेवढ्यात बघायला आलेल्या चार-पाच जणांनी आपापल्या बाह्या वर केल्या, आलाच आहेस तर आमचंही पाहून घे म्हणून. एकाला पित्त होतं. एकाला काहीच नव्हतं, पण त्याला मागे राहायचं नव्हतं. दादाने सगळ्यांच्या बाह्या खाली करायला लावल्या आणि मामाला विचारलं, "काका, चक्कर येऊन राह्यली काय? तोंड काऊन उतरलं?"

"काल संध्याकाळपासून उपाशी हाये ना. रक्ताची तपासणी म्हणून."

"याले उपाशी नाही लागत, काका."

मामीने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पोह्यांच्या ताटलीकडे बघितलं. "काऊन वं पल्लू," ती म्हणाली, "कालपासून दुकानभर भाषण देऊन राह्यली तू. यवढं एकच सांगाचं राह्यलं होतं काय?"

मी ताटली मागे सरकवली. पोहे मात्र छान झाले होते.

आता ही तपासणी बीबीत होत नाही, नमुना जालन्याला जातो. आणि नेमकी त्या दादाच्या गाडीची क्लच वायर तुटलेली. आज नमुना जाणार नाही म्हणाला. मी लगेच, "मी नेते." विचार वगैरे काही केला नाही. लहान थर्माकोलचा डबा, त्यात पिशवीत बर्फ, दुसऱ्या पिशवीत नळी. गजूकाका परत निघालेच होते, ते मला देऊळगाव राजाला सोडणार, तिथून जालन्याची बस. किती सोपं आहे सगळं, असं मला वाटलं. मी डबा मांडीवर धरून मोटारसायकलवर बसले आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला "काका हळू" म्हणत गेले.

देऊळगाव राजा

स्टँडला न जाता काकांनी गाडी घराकडे वळवली.

"काका, डबा पोचवायचा आहे."

"पाच मिनिटं. घरावरून चाललो न् तुले पाणी नाही पाजलं तं सुकदेव मले पार्टीतून काढीन."

आमच्या पिंपरीत कोणी "या ना घरी" म्हटलं की आपण "येऊ कधीतरी" म्हणतो आणि दोघांनाही माहीत असतं की विषय संपला. इथे तसं नसतं. इथे "या" म्हटलं की माणूस हात धरून नेतो. काकूंनी मला बघितलं आणि ताट वाढायलाच घेतलं. गरम भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल आणि कांदा फोडून. तेवढ्यात काकूंचे दोन भाऊ आणि वहिन्या अचानक दारात. कुठल्याशा साखरपुड्याहून परत जाताना, न सांगता. घरभर नुसतं "या या, बसा बसा". सकाळपासून लाइट गेलेली, फ्रिज कपाटासारखा गरम.

मी जेवले. खूप जेवले. शेवटी काकूंनी सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं. त्या उन्हात ते सरबत म्हणजे काय सांगू. गार, काचेच्या ग्लासात बर्फ वाजतोय. मी एक ग्लास प्यायले, दुसरा मागून घेतला, आणि दुसऱ्याच्या तळाशी पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काकू, लाइट नाही ना सकाळपासून?"

"नाही ना बाई."

"मग बर्फ?"

"तुह्याच डब्यातला."

काकांनी आपला ग्लास हळूच उजेडात धरून रंग तपासला.

बर्फ स्वच्छ पिशवीत होता, नळी वेगळ्या पिशवीत बंद होती, त्यामुळे कोणाला काही होणार नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःला दोनदा. "आणि नळी कुठे आहे काकू?"

"माठावर ठेवली ना, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी काय टाकून दीन काय? दूध राह्यते रात्रभर त्या माठावर." मग त्या जरा दुखावल्यासारख्या झाल्या. "घरात बर्फ असून पाहुण्याले कोमट पाणी देऊ काय मी? माह्या भावजया काय म्हणतीन?"

मी नळी फडक्यासकट डब्यात ठेवली आणि स्टँडकडे पळाले.

जालना

लॅबमधल्या ताईने नळी उजेडाकडे धरली. वर पिवळसर पाणी दिसायला हवं होतं, ते लालभडक झालं होतं.

"पेशी फुटल्यात. उन्हात हलवत आणलंय. बर्फ कुठे आहे?"

"पाहुण्यांनी प्यायला."

"तुम्ही मधे कुठे उतरला होता?"

"देऊळगाव राजाला. एकांच्या घरी."

"जेवूनच आला असाल," ती म्हणाली, आणि पुढचं काहीच विचारलं नाही. "नवीन रक्त लागेल. पेशंटला इकडेच आणा, म्हणजे मधे कोणाचं घर लागणार नाही."

आता आली का पंचाईत. मामा जालन्याला यायला तयार नाही म्हणून तर ही सगळी वरात होती. मी फोन केला, मामा म्हणाला, "पाह्य, एकदा रक्त दिलं. माह्याकडून विषय संपला." मी आईला लावलं, आईने समजावलं, मामाने आईचा फोन ठेवला. मी अक्षरशः त्या लॅबच्या पायरीवर बसून होते.

मामाला आणलं शेवटी काकूंनी. बर्फाचं काय झालं ते काकांकडून कळल्यावर त्यांनी स्वतः मामाला फोन केला. म्हणे, "भाऊजी, तुमचं रक्त माह्या हातून गेलं. तुम्ही जालन्याले गेल्याशिवाय मी ताटावर बसणार नाही." या धमकीपुढे मामाचं काही चाललं नाही, कारण वर्षानुवर्षं त्या बाईच्या हातचं जेवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी मामा धुतलेला शर्ट घालून जालन्याला हजर, सोबत गजूकाका आणि रात्री त्यांच्याकडेच राहिलेली मी. आणि आलाच आहेस तर डॉक्टरांना दाखव, हे मी आणि काकांनी दोन्ही बाजूंनी दंड धरून सांगितलं.

डॉक्टर मॅडम मामाचा हात हातात घेऊन बघायला लागल्या. मामा माझ्याकडे बघून पुटपुटला, "शेवटी दाखवलाच हात." मॅडमनी बोटांच्या मुळांची ओळ आडवी धरून जराशी दाबली, आपण शेकहँड करतो तशी. मामाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे गेलं. तो "आं" सुद्धा म्हणाला नाही. मीच म्हणाले.

"सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"दुकान उघडेलोक."

"दुकान कधी उघडता?"

"बोटं सुटली का."

मॅडमनी पेन ठेवलं आणि शांतपणे सगळं समजावलं. रक्तात त्या अँटिबॉडी बघू, तापाचंही बघू. अँटिबॉडी जास्त असल्या तर हे टिकण्याची शक्यता जास्त. पण रिपोर्ट म्हणजे शंभर टक्के नाही. त्या नसूनही काहींची सूज राहते, असूनही काहींची जाते.

"म्हणजे हवामान खात्यासारखं," मामा म्हणाला.

"त्यांच्यापेक्षा जरा बरं," मॅडम म्हणाल्या. मग विचारलं, "बिडी ओढता?"

मामाने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या की बिडीने हा आजार भडकतो, ती आजपासून बंद. रक्त काढताना मामाला काही वाटलं नाही, पण बाहेर आल्यावर तो रसवंतीच्या बाकड्यावर धपकन बसला. "आलो बोटासाठी," म्हणाला, "गेली बिडी."

रोहिणखेड

रिपोर्टला काही दिवस लागणार होते, आणि मधेच पार्टीचा रोहिणखेडचा कार्यक्रम आला. रोहिणखेड मोताळा तालुक्यात, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सगळे एका क्रूझरमध्ये. मामा ढोलकी घेऊन निघाला. वाजवणार नव्हता, तरी घेतली. विक्कीच्या मांडीवर ऑक्टोपॅड, मामाच्या मांडीवर ढोलकी, मधे मी. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणाला ऑक्टोपॅड माझ्या बरगडीत आणि ढोलकी माझ्या कानात.

"यात ढोलकीचंही बटन हाये, मामा," विक्की मनापासून म्हणाला. "दाबलं का ढोलकी."

"उद्या जेवणाचंही येईन," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "दाबलं का पोट भरलं."

विक्कीने ऑक्टोपॅड आणखी घट्ट धरला.

तिकडचं जेवण वेगळं. आमच्या मामीकडे ज्वारीची भाकर, इथे कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, काळपट, सोबत वांग्याचं भरीत आणि असा ठेचा की माझे कान ऐकायचे थांबले. यजमानांनी विचारलं, "लोणार पाह्यलं का?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले आम्हीपण नाही पाह्यलं, आणि मला फार बरं वाटलं.

दुपारी रिपोर्ट आला. माझ्याच मोबाइलवर.

मी हात धुवायच्या निमित्ताने अंगणात जाऊन उघडला. तापाचं काही विशेष नव्हतं. अँटी-सीसीपीचा आकडा मात्र नॉर्मलच्या कितीतरी वर. दुसरी अँटिबॉडीपण वाढलेली. वर्गात असा आकडा फळ्यावर आला असता तर मी सगळ्यात आधी हात वर करून उत्तर दिलं असतं. तिथे अंगणात मी तोच आकडा परत परत वाचला. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ही टिकणारी दिसतेय. पण आपण लवकर पकडलंय, सांधे अजून झिजलेले नाहीत. लगेच औषध सुरू करू. त्यांना हे दोन्ही सांगा, फक्त पहिलं सांगू नका."

रोहिणखेडला एक जुनी दगडी मशीद आहे. मोठाले दगड, कोरीव काम, आणि भिंतीलगत अशी सावली की उन्हाळा बाहेरच थांबतो. मामा दर वर्षी कार्यक्रमाला आला की दुपारी त्या भिंतीच्या कडेला बसतो. समोर एका चाचांची टपरी आहे. मी पोचले तेव्हा चाचा विचारत होते, "मास्टर, इस साल ढोलक नहीं बजा रहे?"

"ढोलकी आली चाचा. वाजवणारा सुट्टीवर हाये."

गजूकाका शेजारी मिशी विंचरत बसले होते. मी समोर उभी राहिले. मी ठरवलं होतं की छान शब्दांत सांगायचं, उतरत्या क्रमाने, सकारात्मक सुरुवात करून.

"मामा, पिशवी बघितली."

मामाने वर बघितलं. "टॉवेल हाये?"

"आहे."

"दाढीचं सामान?"

"सगळं आहे मामा. गादीपण घेऊन आलाय."

कंगवा मिशीत मध्येच थांबला. मामाने दोन्ही पंजे मांडीवर उलटेसुलटे करून बघितले. चाचांनी काही न कळताच तीन चहा आणून ठेवले. मला रडू यायला लागलं, मग मी घाईघाईने दुसरं सांगून टाकलं, की लवकर सापडलंय, सांधे अजून चांगले आहेत, गोळ्या आत्ताच सुरू केल्या तर सूज उतरू शकते, बोटं वाकडी होण्यापासून वाचू शकतात, वेळ लागेल पण.

"मंग हे आधी समजलं ते बरंच झालं म्हणाचं," मामा म्हणाला.

"हो ना मामा. त्यासाठीच तर तपासतात."

"म्हणजे तू जर म्हटलं असतं का हा जाईन आपोआप, तं मी वाट पाहत बसलो असतो." त्याने दोन्ही तळव्यांत मिळून कप उचलला, कारण एका हाताने जमत नव्हतं. "मुक्कामी पाहुण्याचं कसं असते, पल्लू. जाय म्हणता येत नाही. पण पह्यल्याच दिवशी सांगून ठेवाचं, खाट ओसरीवर, चहा दोनदाच, अन टीव्हीचं रिमोट मिळणार नाही. चार महिने काही बोललं नाही का मंग तो घराचा मालक होते."

"बापा," गजूकाका म्हणाले. "अन माहा नवस?"

"नवसाचं काय?"

"मी बोललो होतो बोटं चालली का. पाहुणा गेला का, असं नाही बोललो. म्हणजे नवस अजून चालू हाये." हे बोलताना त्यांचा हात नकळत मिशीवर गेला, निरोप दिल्यासारखा.

मामा उठला, विक्कीकडे गेला. विक्की गॉगल लावून स्टेजवर वायरी जोडत होता. मामा म्हणाला, "विक्कीभाऊ, तुमचं काम चांगलं हाये. पण पुढच्या सालचं तुम्हाले सांगता येत नाही. मी औषध घेऊन राह्यलो." विक्कीने गॉगल काढला. मी त्याचे डोळे पहिल्यांदा बघितले.

"मामा, सांगू का," तो म्हणाला, "मले लग्नाच्या ऑर्डरी हायेत दिवाळीनंतरच्या. तुम्हाले नाही कसं म्हणाव म्हणून मीच थांबलो होतो."

म्हणजे दोघंही सीझनभर एकमेकांना सांगायचं टाळत होते. कार्यक्रम चांगला झाला. मामा पहिल्या रांगेत बसून पायाने ताल धरत होता, आणि विक्की बटण दाबायच्या आधी मामाच्या पायाकडे बघत होता.

परत, आणि नंतर

मॅडमनी जी मुख्य गोळी दिली ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज नाही, चुकूनही नाही, हे त्यांनी मला, मामीला आणि मामाला वेगवेगळं बसवून सांगितलं. मग वार कुठला यावर घरात चर्चा झाली. रविवार नको, विहारात जायचं असतं. मामी म्हणाली बाजाराचा दिवस. आठवडी बाजार कोणी विसरत नाही, आणि मामा तर मुळीच नाही, कारण त्या दिवशी भजी असतात. मी निघायच्या आधी बाजार आला तर कांदेवाल्या बाईने मामाला पिशवी भरून देता देता जोरात विचारलं, "गोळी घेतली का मास्तर?" मामीने एका दिवसात अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि कोणाला पाठवायचंच राहिलं. ठेच्याची बरणी गळतच होती, बॅग फेकून द्यावी लागली. मधे पावसाळा गेला. मामाच्या दर थोड्या दिवसांनी रक्ताच्या तपासण्या होतात, तो आता जालन्याला एकटा जातो, देऊळगाव राजाला उतरून जेवून येतो. सकाळची मूठ वळते म्हणाला. पूर्ण नाही, पण शर्टाची बटणं स्वतः लावतो. बिडी सोडली म्हणतो. मामी म्हणते, जवळपास.

काल व्हिडिओ आला. गावात कोणाच्या तरी नव्या घराचा कार्यक्रम. मामा ढोलकीवर. सुरुवातीला जरा सांभाळून, पण दुसऱ्या कडव्याला त्याने जो हात सोडला ना, मी कॉलेजच्या कँटीनमध्ये ओरडले. व्हिडिओ परत लावला तेव्हा लक्षात आलं की पेटीवर कोणीतरी नवीनच माणूस बसलाय. मी लगेच मेसेज केला, मामा भारी, पण गजूकाका कुठेत? हा कोण पेटीवाला?

उत्तर मामीचं आलं. "नीट पाह्य."

मी मोठं करून नीट पाहिलं. एवढं मोकळं तोंड मी आजवर बघितलं नव्हतं. दोन कडव्यांच्या मध्ये त्या माणसाचा हात सवयीने खिशात गेला, कंगवा बाहेर आला, ओठापर्यंत गेला आणि तसाच परत खिशात गेला.

मी मामाला फोन केला आणि विचारलं की मग काका काय म्हणतायत, गोळीने झालं की मिशीने?

"मिशीनंच झालं म्हणते तो," मामा म्हणाला. "पण बाजाराच्या दिवशी सकाळी गोळी घेतली का म्हणून फोन त्याचाच येते."